दोन ठोके, मग एक

खोटं वाटत असेल तर आमच्या अष्टमी गावच्या शाळेत या आणि माझ्या बाकावरच्या नमिताला विचारा. मी घाबरट अजिबात नाही. तरी हे लिहिताना दार उघडं ठेवलंय.

याच वर्षीची गोष्ट. तेवीस मे, भर दुपार.

वडखळच्या पुढे, मिठागरांना लागून एक बंगला आहे. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या छताच्या पत्र्याची दरवर्षी चाळण होते. पावसाआधी नमिताचे बाबा, म्हणजे काळुरामकाका, तो दुरुस्त करायचे. वर चालायचं ते बोल्टच्या रांगेवरूनच, कारण तिथे खाली लोखंडी पाइप असतो. आतल्या माणसाला जिथून उजेड दिसेल, तिथे त्याने बांबूने ठोकायचं. दोन ठोके, मग एक. वरच्याने तिथे डांबर लावायचं.

गेल्या वर्षी आत काका होते. वर नमिताची आई, हौसाकाकी.

"तू हलकी हायस, तूच चढ."

"अहो, पत्रा करकरतोय..."

"घाबरट गो तू! ये इकडं." आणि काकांनी हसत बोल्टच्या रांगेपासून लांब बांबू ठोकला.

ती गेली.

पत्रा फाटला. काकी खाली पडली ती उठलीच नाही.

"ऐकतच नाय कुणाचं, बोल्ट सोडून चालली," असं काकांनी सगळ्यांना सांगितलं. नमितालासुद्धा.

यंदा काका वर, नमिता आत. ठोके येत होते, काका सरकत होते. दोन... एक. दोन... एक.

तेवढ्यात गेट वाजलं.

नमिता! हातात पाण्याची बाटली.

"बाबा, थांबा! मी दुकानात गेलेले. आत कुणीच नाय!"

दाराला कुलूप. किल्ली तिच्या बोटात. बांबू पायरीवर पडलेला.

काकांनी खाली बघितलं. बोल्टची रांग चार हात मागे राहिली होती...

पायाखाली ठक ठक.

ठक.

मग आतून, अगदी लाडात...

"घाबरट हो तुम्ही! या इकडं."

पत्र्यातून पडूनही काका वाचले, पण कंबरेखालचं सगळं गेलं. हॉस्पिटलात त्यांनी खरं काय ते ओकून टाकलं. नमिता रडली नाही. तिने फक्त त्यांचा पाण्याचा तांब्या हात पोचणार नाही इतका लांब सरकवला.

काल मी तिच्या घरी गेले. काकांच्या खाटेखालून... दोन ठोके, मग एक.

"नमे, बांबू ठेव गो!" काका किंचाळले.

नमिता माझ्या शेजारी वेणी घालत होती. दोन्ही हात केसांत.

"आई आहे," ती म्हणाली. "बाबांना बोलावते."

"अगं, तिला थांबव ना!"

तिने वेणीला रिबीन बांधली.

"कशाला?"

आम्ही अजून एकाच बाकावर बसतो. तिने पेन्सिल उचलली की मी तिच्या हाताकडे बघत राहते.