पहिलं बरं की दुसरं?

तो दुकानात शिरला आणि दारातच घुटमळला. मी आपली घाईत, "या, बसा" म्हणत त्याला थेट डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं. नाकावर तपासणीची ती जाडजूड फ्रेम चढवली. त्यात एक भिंग घातलं, मग ते काढून दुसरं.

"पहिलं बरं की दुसरं?"

"तुम्ही म्हणाल ते."

"अहो, डोळे तुमचे आहेत! नीट बघा. पहिलं... की दुसरं?"

"चालेल."

माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात आतून बाबा आले. "अगं, गिऱ्हाईक नाही तो! आजपासून आपल्याकडे काम शिकायला आलाय."

"मग बोलला का नाहीत?" मी कपाळावर हात मारला.

"तुम्ही बसा म्हणालात..." तो शांतपणे म्हणाला, "म्हणून बसलो."

आणि गंमत बघा, त्याला नंबर खरंच निघाला! शाळेत फळ्यावरचं दिसत नाही, हे त्याने कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

आमचं चष्म्याचं दुकान. पुढे मी डोळे तपासते, मागच्या खोलीत भिंगं घासतात. बालगृहात वाढून बाहेर पडलेल्या मुलामुलींना बाबा काम शिकवायला घेतात. कुणी कौतुक केलं की उखडतात. "उपकार कसले? मला कामाला माणसं नकोत?" हा त्यांतलाच एक, माझ्याच वयाचा. भिंग असं हलक्या हाताने धरायचा की बघत राहावं. मी बघत राहायचेच, खोटं कशाला बोलू?

मी त्याचं नाव 'चालेल' ठेवलं. चहा की कॉफी? चालेल. खिडकी उघडू की राहू दे? चालेल. एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे, तुला आवडतं तरी काय?"

तो बराच वेळ भिंग पुसत राहिला. "तिथे कुणी विचारायचं नाही गं. माणसं चांगली होती... पण इतकी मुलं, कुणाकुणाला विचारणार? जे मिळेल ते आपलं."

'गं' म्हणाला होता! इतके दिवस अहो-जाहो करणारा माणूस. माझ्या हातातला स्क्रू खाली पडला, आणि तो शोधायच्या निमित्ताने मी टेबलाखाली जाऊन लाल झालेलं तोंड लपवलं.

मग मी हट्टालाच पेटले. रोज काहीतरी निवडायला लावायचं.

"माझी ओढणी, निळी बरी की पिवळी?"

"दोन्ही चा—"

"खबरदार!"

"...पिवळी." मग हळूच, "निळ्या ओढणीत तू रागावलेली दिसतेस."

"आणि पिवळीत?"

"पिवळीत पण रागावलेलीच. पण बरी दिसतेस."

दुसऱ्या दिवशी पिवळी, तिसऱ्या दिवशी पिवळी. आई म्हणाली, "अगं, धुवायला तरी टाक ती!"

असं सगळं छान चाललं होतं आणि एक दिवस बाबांनी बातमी आणली. लांबच्या शहरात भिंगांचा मोठा कारखाना, दोन वर्षांचं शिक्षण, पगार, राहायला खोली. "तुझं नाव सुचवू का रे?" मला वाटलं, आता म्हणेल, चालेल. पण तो म्हणाला, "विचार करून सांगतो."

संध्याकाळी शटर ओढताना त्याने मला विचारलं, "तू सांग. जाऊ... की राहू?"

राहा! अगदी ओठांवर आलं होतं. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण त्या दिवशी मी ती दातांखाली धरली. मी राहा म्हटलं असतं तर तो काय म्हणाला असता, हे मला पाठ होतं. चालेल. आणि मग मला जन्मभर कळलं नसतं, तो माझ्यासाठी राहिला की सांगितलं म्हणून राहिला.

"डोळे तुझे आहेत," मी म्हटलं. "तूच बघ."

सकाळी येऊन तो बाबांना म्हणाला, "जातो. मला शिकायचंय." बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मला इतका अभिमान वाटला, इतका... की मागच्या खोलीत जाऊन मी पोटभर रडले.

निघायच्या दिवशी त्याचा चष्मा घसरत होता. मी कानामागे बोटं घालून काड्या वाकवल्या. त्याचे कान गरम झाले होते.

"घट्ट होतोय?"

"नाही." तो माझ्याकडेच बघत होता. "आता... नीट दिसतंय."

आणखी काही बोलेल म्हणून मी थांबले. तोही थांबला. मग बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

त्यानंतर दुकानाला काही चवच राहिली नाही. फोन यायचा, पण त्यात सगळी यंत्रांचीच बडबड. मी हं-हं करायचे आणि फोन ठेवला की पिवळ्या ओढणीने डोळे पुसायचे. शेवटी मीच म्हटलं, रविवारी येते तुझा कारखाना बघायला. तर नेमकी त्याच रविवारची चार गिऱ्हाइकं बाबांनी माझ्या गळ्यात मारली.

मी फोन लावला. "ऐक ना... पुढच्या रविवारी आले तर चालेल?"

उत्तर मला माहीतच होतं. मी फोन ठेवायच्याच बेतात होते.

"नाही चालणार."

"काय म्हणालास?"

"नाही चालणार," त्याचा आवाज थरथरत होता, पण थांबला नाही. "याच रविवारी ये. मला तू हवी आहेस. आणि... आणि पिवळी ओढणी घालून ये."

मी मागे वळून जोरात ओरडले, "बाबा, रविवारची गिऱ्हाइकं तुम्ही बघा!"