चाळिसावी गाडी

कर्जतच्या अलीकडच्या फाट्यावर शमुवेल एसटीतून उतरला तेव्हा चार वाजत आले होते. खांद्याला पान्यांची पिशवी, खिशात यशोधरावहिनींचं कार्ड. 'गाडीचं थोडं काम हाय, येऊन जा,' एवढंच लिहिलेलं. फाट्यापासून वस्ती दीड मैल. चैत्राचं ऊन, दोन्ही अंगांना ज्वारीची धसकटं, आणि वाटेत चिटपाखरू नाही. त्याला त्याचं काही वाटलं नाही. सुप्याचा कारखाना बंद पडल्यापासून दिवसभरात कुणी दोन वाक्यं बोललं तरी पुष्कळ, अशीच त्याची गत होती.

त्या कारखान्यानं पंच्याण्णव साली टर्बोची एक वेगवान गाडी काढली होती. मोजून चाळीस. प्रत्येकीचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, शमुवेलनं हातानं बसवला आणि प्रत्येक गाडी वहिनींच्या नवऱ्यानं, भीमराजनं, रस्त्यावर पळवून पाहिली. वेग घेताना टर्बो शीळ घाली. कुठली गाडी येतेय ते शमुवेल डोळे मिटून शिळेवरून सांगायचा, आणि भीमराज हसत हसत पैज हरायचा. चाळिसावी गाडी मात्र परत आली नाही. मिरजगावजवळ ती लिंबाच्या झाडावर आदळली. भीमराज जागीच गेला. वर्षभरात कारखान्याला कुलूप लागलं, आणि गाडीचा सांगाडा वहिनींनी टेम्पोत घालून घरी आणला.

तो सांगाडा आता पत्र्याच्या शेडमध्ये दगडांवर उभा होता. चाकं नाहीत, बॅटरी नाही. आत उंदरांचा आणि जुन्या तेलाचा वास कोंडलेला. शमुवेलनं चेपलेलं बॉनेट कसंबसं उचकटलं, टर्बोच्या तोंडात बोट घालून पातं फिरवून पाहिलं. गंजून घट्ट झालं होतं. यात करण्यासारखं काही उरलं नाही, असं त्यानं वहिनींना सांगितलं.

"कामासाठी न्हाई बोलावलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "पाचपर्यंत बसा."

त्यांनी चहा दिला. दोघं ओट्यावर बसली. वारा पडला होता. मग लांबून, मिरजगावच्या अंगानं, बारीक शीळ आली. चढत गेली, जवळ आली. वस्तीसमोरचा रस्ता पांढरा, मोकळा पडलेला. त्यावर काहीच नव्हतं. धूळसुद्धा हलली नाही. शीळ समोरून गेली आणि कर्जतकडं विरली.

शमुवेलनं कपबशी ओट्यावर ठेवली.

"ऐकू आलं?" वहिनींनी विचारलं.

"आलं... चाळीस नंबर."

वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि त्या बराच वेळ रडल्या. मग सांगू लागल्या. तीन वर्षं रोज हे चाललं होतं. शेजाऱ्यांना ऐकू येत नव्हतं. मुलालाही, सम्राटलाही, नाही. आई भ्रमिष्ट झाली असं समजून तो रविवारी त्यांना पुण्याच्या इस्पितळात ठेवायला नेणार होता.

"मी येडी न्हाई, एवढं लिवून द्या मला."

शमुवेलनं पान्यांच्या पिशवीतली वही काढली. आपण शुद्धीवर असून स्वतःच्या कानांनी ऐकलं, असं त्यानं लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं. लोक आता आपल्यालाही हसतील, हे त्याला ठाऊक होतं. तरी कितीतरी दिवसांनी त्याला एकटं वाटत नव्हतं.

कागद वहिनींच्या हातात देतो न देतो, तोच शीळ पुन्हा आली. या खेपेला कर्जतकडून. वहिनी ताठ झाल्या.

"माघारी कदी येत न्हाई तो..."

शीळ जवळ येता येता उतरू लागली. फाटकापाशी मंद झाली आणि थांबली. इंजिन तिथंच धपापत राहिलं. फाटकाबाहेर ऊन तेवढं पडलेलं दिसत होतं.

गाडीचं दार उघडून लागल्याचा आवाज आला.

वहिनी उठून दोन पावलं पुढं गेल्या. शमुवेलही उठला. तेवढ्यात पलीकडच्या बाजूचं दार उघडलं, आणि अगदी हळू, कुणी झोपलेलं उठू नये अशा बेतानं, लावलं गेलं.

अपघाताच्या दिवशी भीमराज गाडीत एकटाच होता.