एक जूनवाली

पाऊस अंगावर आला म्हणून मी रवीच्या कॅसेटच्या दुकानात शिरले, नाहीतर माझं तिथं काय काम? माझा टायपिंगचा क्लास वरच्या मजल्यावर. बाहेर माजलगावचा बाजार चिखलात अडकलेला, आणि आत टेपवर एक बाई इंग्रजीत इतकी जीव लावून गात होती की मला उगाच भरून आलं.

रवीनं खडीसाखरेची वाटी पुढं केली. "घ्या. आज पॅट्सीबाईंचा वाढदिवस हाय."

"कोण, तुमच्या पाहुण्यातल्या?"

"ह्याच की, गातायत त्या. पॅट्सी क्लाईन. आठ सप्टेंबर." आणि स्वतःच लाजला.

यानं मुंबईहून गावाकडच्या गाण्यांचं खोकं मागवलं होतं, आलं ते अमेरिकेतल्या गावाकडचं. कंट्री म्युझिक म्हणतात म्हणे. एक कॅसेट खपेना, म्हणून हा येडा स्वतःच ऐकत बसला. ज्या दिवशी ज्या गायकाचा वाढदिवस, त्या दिवशी दुकानात फक्त त्याचीच गाणी, आणि येईल त्याला खडीसाखर.

जॉनी कॅशच्या वाढदिवसाला, सव्वीस फेब्रुवारीला, आभाळ कोरडंठाक होतं. तरी मी गेले.

"आज पाऊस न्हाई," तो म्हणाला.

"साखर तर हाय ना," मी म्हणाले.

उन्हाळ्यात आमच्या घरात गेवराईच्या खतवाल्याचं स्थळ घोळू लागलं. आई तर निम्मी तयारच झाली होती. मला रवी हवा होता, पण हे रवीलाच ठाऊक नव्हतं.

"तुमचा वाढदिवस कधी?" त्यानं एकदा विचारलं.

"एक जून. मास्तरांनी निम्म्या वर्गाला तोच लिहून दिलाय. खरा कुणाला म्हाईत?"

"मग... तुमची गाणी कधी लावायची?"

"मी कुठं गाते?"

"बोलता की. मी तेच ऐकतो—" आणि मग वाटी पुसत बसला, पुसलेलीच.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला असताना हा शहाणा थेट आमच्या घरी. आईला विचारतो, तुमच्या वर्षाराणीचा जन्म कधीचा? आता लग्नाच्या पोरीचा जन्मदिवस विचारत दारात कोण येतं? आईनं त्याला खुर्ची दिली, पोहे दिले, घरदार, शेती, आत्या-मावश्या सगळं विचारून घेतलं. संध्याकाळी मला म्हणते, "कॅसेटवाल्याचं स्थळ आलंय. पोरगं एकटंच आलतं, लाजरं हाय. पण आपल्यातलंच हाय. गेवराईला काय कळवू?"

"थांब जरा," म्हणाले, आणि चप्पल पायात सरकवून दुकान गाठलं.

"आईला काय सांगून आलात?"

रवी पांढराफटक पडला. "वाढदिवसच इचारायला गेलतो, शप्पथ. पोहे आले तवा ध्यानात आलं."

"मग खरं सांगायचं ना."

"सांगणार होतो..." तो साखरेच्या बरणीचं झाकण काढत म्हणाला. "मग वाटलं, कशापायी सांगू? त्यांना जे वाटलं, ते माझ्या मनात लई दिवसापासून हाय. तुमी न्हाई म्हणला तर आत्ता जाऊन माफी मागतो."

एरवी माझं तोंड बंद होत नाही. तेव्हा मात्र बरणीतला एक खडा उचलून तोंडात टाकला. इतका आनंद झाला की रडूच यायचं बाकी होतं.

"जाते मी," शेवटी म्हणाले. "आई खोळंबलीय. गेवराईला निरोप धाडायचाय."

"काय म्हणून?"

"पोरीचं जमलंय म्हणून... माजलगावातच."

त्याच्या हातातलं बरणीचं झाकण खाली पडलं. ते उचलायलाही तो विसरला.

पायरीवर आठवण झाली. "आणि माझा वाढदिवस?"

"तुमी झालात तवा शाळेत झेंडा होता म्हणल्या आई. पंधरा ऑगस्टचा न्हाई, मराठवाडा मुक्तिदिनाचा. सतरा सप्टेंबर." मग जरा घाबरतच, "हँक विल्यम्सचाबी त्योच हाय."

"झालं. म्हणजे गाणी त्याचीच लागणार."

सतरा सप्टेंबरला सकाळी झेंडावंदन उरकून पोरं घरी परतत होती. मी दुकानात गेले तर टेप बंद. खडीसाखरेची वाटी भरलेली, आणि काउंटरसमोर एक स्टूल मांडलेलं.

"हँकचं काय?" मी विचारलं.

"त्यो घेईल समजून," रवी म्हणाला. "बसा. आज तुमी बोला."