आत का बाहेर

लाईट गेलीच हाय तर ऐका, पण मधी कुणी बोलू नका. मुकुंदवाडीच्या नानासाहेबांची गोष्ट हाय. आपल्या उठण्याबसण्यातला माणूस. गेल्या साली, धनतेरसच्या आदल्या रात्री ते पैठण गेटला, त्या जुन्या वेशीजवळच्या बाजारात गेले होते.

काम साधं. पोरीला, मोनिकाला, दिवाळीच्या ड्रेसवर ओढणी घ्यायची. संग आलेल्या बायकोचं, सुरेखावहिनींचं म्हणणं, तिथल्या हातगाड्यांवर मिळतं तसं दुकानात मिळत नाय. नानासाहेबांना त्या बाजाराचा लई तिटकारा. विकणारे सगळे लुच्चे, घेणारे सगळे भिकारडे, असं ते उघड म्हणायचे. क्रांती चौकात गाडी लावली आन् तिथूनच नाकाला रुमाल.

महेजबीन नावाची एक बाई ओढण्या विकत होती. नानासाहेबांनी एक ओढणी दोन बोटांनी उचलली, पायपुसणं चांगलं होईल म्हणाले आन् सोडून दिली. खाली, धुळीत. बाईनं ती वाकून उचलली, झटकली, घडी घातली. वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तीच ओढणी मागितली आन् नवऱ्याला सांगितलं, तुम्ही जाऊन गेटाखाली थांबा.

थांबले. कमानीच्या बरोबर मधी. पिढ्यान् पिढ्यांच्या त्या दगडांकडं बघून म्हणाले, पाडून रस्ता रुंद करायला पायजे. आन् दगडावरच थुंकले.

तेवढ्यात शेजारी कुणीतरी आलं. म्हातारा. गुडघ्यापर्यंत अंगरखा, हातात कंदील. एवढ्या लखलखाटात कंदील! नानासाहेबांना वाटलं, भीक मागायचं नवं सोंग.

म्हातारा अदबीनं म्हणाला, "मालक, आत का बाहेर?"

"काय?"

"दरवाजा लावायचाय. आत का बाहेर?"

आता त्या गेटाला दारं कुठं हायेत? नुसती मोकळी कमान. नानासाहेब तुच्छतेनं हसले.

"मी मधीच उभा राहणार. लाव तुझा दरवाजा."

म्हाताऱ्यानं कंदील वर केला. त्यांचं तोंड नीट बघून घेतलं. आन् मान डोलावली.

कुठंतरी लोखंड करकरलं…

बाजाराचा आवाज बारीक झाला. अजून बारीक. हॉर्न गेले. गाणी गेली. समोरचा उजेड दोन्हीकडून आक्रसत चालला. नानासाहेबांनी पाय उचलायला बघितला. उचलेना. फटीतून ओढण्यांची गाडी दिसत होती. मग नुसती एक ओढणी. मग रेघ… कपाळाला गार लाकूड टेकलं. दोन्ही बाजूंनी. छातीतला श्वास छातीत. वहिनी हाका मारत होत्या, पण लई लांबून… जाड भिंतीपलीकडून…

शेवटी एकच शब्द फुटला.

"आत…"

शुद्ध आली तेव्हा ते गेटाच्या आतल्या बाजूला, महेजबीनच्या गाडीला टेकून बसले होते. डोकं तिच्या ओढण्यांच्या गठ्ठ्यावर. ती पाणी पाजत होती. ते मुकाट्यानं पीत होते. वहिनी म्हणाल्या, तिथं म्हातारा नव्हता, कंदील नव्हता. हे एकटेच ताठ उभे होते, डोळे पांढरे करून.

घरी आल्यावर वहिनींनी शर्ट काढायला घेतला. कापडाला ओरखडा नाय. अंगावर वण नाय. पण गळ्यापासून खालपर्यंत एकेक बटण मधोमध उभं चिरलेलं… दोऱ्याच्या अल्याड अर्धं, पल्याड अर्धं.