म्हातारीच्या तोंडावरची ओळ

मी थापाड्या माणूस, अख्ख्या महाडला ठाऊक हाय. पण ही थाप नाय. गेल्या चैत्रातली गोष्ट, माझ्याच छपाईच्या दुकानात, भर दुपारी घडलेली.

पोलादपूरकडचा भरत आईच्या, प्रयागबाईंच्या, वर्षश्राद्धाची पुस्तिका छापायला आलेला. घरी पाहुणे जमलेले. पुस्तिका चार पानांची. एकच कागद, मधून घडी.

माझं सॉफ्टवेअर जरा शहाणं. माऊसने काय ओढायचं नाय. मजकुरातच कमांड लिहायची, पानं ते आपल्या मनाने लावतं. त्याने शेवटची ओळ पाचव्या पानावर ढकलली.

'मुलगा भरत, सून अक्षदा.'

एका ओळीसाठी दुसरा कागद कोण घालणार? मी हाताने कमांड मारली... उणे बारा मिलिमीटर.

ओळ वर सरकली ती थेट चौथ्या पानावरच्या प्रयागबाईंच्या फोटोवर. 'अक्षदा' बरोबर तोंडावर.

मला हसू आवरेना. "भरत, बघ रे, शेवटी सुनेने सासूचं तोंड बंद केलं."

भरतपण हसला. म्हणाला, काका, एक तशीच काढा, बायकोला दाखवतो.

प्रिंट मारली.

प्रिंटरमधून आवाज आला... मचमच. कोणीतरी तोंड उघडं ठेवून चावतंय तसा.

कागद ओला आला. लाळेने. तारा सुटणारी चिकट लाळ, तिच्यात मशेरीचा काळा चोथा. वास असा, की मी नाक दाबलं.

'मुलगा भरत, सून' तसंच होतं.

पुढचं नाव... नव्हतं.

फोटोतल्या ओठांवरून काळं ओघळत होतं.

तेवढ्यात भरतचा फोन वाजला. त्याची बहीण, अनुपमा. चुलीपुढे बसल्या बसल्या वहिनी ओकायला लागली, म्हणाली. काळं काळं पडतंय, थांबत नाय.

माझी बोटं कीबोर्डला चिकटत होती. कशीबशी कमांड खोडली. ओळ फोटोवरून उतरली, पाचव्या पानावर गेली. प्रिंट मारली. कोरडी. नाव जागेवर.

फोनवर अनुपमा म्हणाली, थांबलं.

भरतने फोन स्पीकरवर टाकला. मग पलीकडून आवाज आला... एकदम हळू.

"दादा, ती बरी हाय. पाणी प्यायली. पण नावाने हाक मारली तर बघतच नाय. विचारतेय... अक्षदा कोण?"

अजून तेच हाय. घरात तिला सगळे नुसतं 'अगो' म्हणतात. भरत मात्र रोज एकदा तिला तिचं नाव सांगतो.

ती ऐकून घेते... आणि नासलेलं काहीतरी पुढ्यात ठेवल्यासारखं तोंड फिरवते.