मऊ पडलेले चाळीस चेंडू

“चोरी झाली आहे,” दोडका दारातूनच म्हणाला. “हवेची.”

पिंगीने मांडीवरची उशी बाजूला केली. सुट्टी लागून पाच दिवस झाले होते आणि मावशी सोडून तिच्याशी आपणहून बोलायला आलेला हा पहिलाच माणूस. चेंडूंच्या कारखान्यातल्या पहारेकऱ्याचा हा मुलगा. अंगाने दोडका, म्हणून नावानेही दोडका.

“हवा कोण चोरेल? हवेला काय तोटा आहे?”

“ते मला काय विचारतेस? काल टणक भरलेले चाळीस फुटबॉल आज गोदामात मऊ पडलेत. मुकादम म्हणतात, हवा तोंडापाशी गळते. आणि चेंडूंची तोंडं कोण चिकटवतं?”

चिकटवायची मावशी. 

तिची आई दूरच्या शहरात एका आजारी बाईंची देखभाल करायची आणि त्यांच्याच घरी राहायची. तिथे मुलीला जागा नव्हती. वसतिगृहाला सुट्टीचं कुलूप लागलं की पिंगीला जायला एकच ठिकाण होतं, मावशीची ही खोली. मावशी सकाळी सातला जायची ती दिवे लागल्यावर यायची. दिवसभर पिंगी एकटी असायची. भिंतींशी किती बोलणार? पण खोली होती तरी. आणि ती कारखान्याची होती. मावशीची नोकरी गेली की खोलीही जाणार.

संध्याकाळी मावशीने एवढंच सांगितलं, “सोमवारी मालकीणबाई यायच्या आहेत. तोवर गळती थांबली नाही तर मला काढणार.” मग ती भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी तिने पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी दोघं कारखान्यात शिरले. पहारेकऱ्याच्या पोराला कोण अडवणार! चिकटवलेले चेंडू भट्टीच्या खोलीत वाळत होते. ते गरम गरम बाहेर काढायचे, लगेच पंपाने हवा भरायची आणि गोदामात ढकलायचे, असं काम चाललं होतं. गोदामाला पत्र्याचं छप्पर. बाहेर कडाक्याची थंडी, आणि आत तर तोंडातून वाफ निघत होती.

“आधी भोक शोधू,” पिंगी म्हणाली. त्यांनी एक मऊ चेंडू पाण्याच्या टाकीत दाबून धरला. हात बधिर झाले, पण एक बुडबुडा येईल तर शपथ.

“म्हणजे गळत नाही. तरी मऊ आहे,” दोडक्याने डोकं खाजवलं. “हे भुताटकीचं काम दिसतंय.”

“भुताला फुटबॉल कशाला हवाय?”

“त्यालाही सुट्टी असेल.”

तेवढ्यात दोडक्याला आईची हाक आली आणि तो जेवायला पळाला. पिंगीला हाक मारणारं कोणी नव्हतं. ती भट्टीच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला टेकून बसली. भिंत छान उबदार लागत होती. ओला चेंडू पुसून तिने पोटाशी धरला, मग भिंतीशी ठेवून त्यावर गाल टेकला. तिला एकदम रडूच आलं आणि ती पोटभर रडली. बघायला कोण होतं तिथे?

दोडका तासाभराने आला तेव्हा ती चेंडू दाबून बघत होती.

“तू यात हवा भरलीस?” तिने विचारलं.

“मी? मी तर दोन पोळ्या जास्त भरल्या, त्याही माझ्याच पोटात.”

चेंडू टणक झाला होता. पिंगी ताडकन उठली. “दोडक्या, हवा गेलीच नव्हती! गेलेली हवा कधी परत येते का? तापली की ती पसरते आणि गारठली की आकसते. थंडीत आपण मुटकुळं करून झोपतो ना, तसं.”

खात्रीसाठी त्यांनी एक फुगा फुगवला आणि दोऱ्याने त्याचा घेर मोजला. गार पाण्यात बुडवल्यावर दोरा सैल पडला, कोमट पाण्यात बुडवल्यावर पुरेना.

सोमवारी मालकीणबाई आल्या. मावशीला समोर उभं करून मुकादमांनी मऊ चेंडू बाईंपुढे धरला. “बघा. माझा अंगठा खोटं बोलत नाही.”

“अंगठा खरंच बोलतो, काका,” पिंगी पुढे झाली.  “पण तुम्ही त्याला गारठ्यात विचारता. सगळ्यात मऊ चेंडू तुम्हीच निवडा. त्यावर खूण करा आणि भट्टीच्या खोलीत ठेवून कुलूप लावा. किल्ली तुमच्याच खिशात ठेवा.”

मुकादम हसले. पोरीची जिरवावी म्हणून त्यांनी सगळं तसंच केलं. अर्ध्या तासाने त्यांनीच कुलूप उघडलं, खूण पाहिली आणि अंगठा दाबला. अंगठा आत जाईना.

“मुकादम,” मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, “चेंडू रात्रभर थंड होऊ द्यायचे आणि मगच हवा भरायची, ही आपली रीत. ती कोणी बंद केली?”

“माल लवकर पाठवायचा होता...” मुकादम बुटांकडे बघत पुटपुटले.

“अति घाई, संकटात नेई,” दोडका कुजबुजला. दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या बापाने त्याच्यावर डोळे वटारले, पण मिशीत हसतच.

“या बाईंचं काम चोख आहे,” मालकीणबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “मुकादम, त्यांची माफी मागा.” मुकादमांनी मागितली. मग त्या पिंगीकडे वळल्या. “आम्हा मोठ्यांना जे सुचलं नाही ते तू करून दाखवलंस. शाबास! बोल, काय बक्षीस हवं?”

पिंगीने मावशीकडे पाहिलं. “मावशीला उद्या सुट्टी द्याल?”

“देईन की. कुठे जायचंय तुम्हाला?”

“कुठेच नाही,” पिंगी म्हणाली. “दोघींनी घरी बसायचंय.”

आळ आला तेव्हा न रडलेली मावशी आता पदर डोळ्यांना लावून उभी राहिली. मालकीणबाईंनी सुट्टी दिली, एक सोडून दोन दिवसांची.