हार्ड डिस्कवरचं कुंकू

"माझा नवरा भिंती बांधतो. पाडत नाही."

शहजादी खुर्चीवर बसायलाही तयार नव्हती. समोर खासगी तपास करणाऱ्या भाग्यश्रीबाई होत्या आणि बाजूला त्यांचे मदतनीस, निवृत्त हवालदार मच्छिंद्रराव.

बिबवेवाडीतल्या एका सोसायटीची कुंपणभिंत जुलैत कोसळली. तीन माणसं चिरडली. तिला आठवडाभर आधी गिलावा केलेला शहजादीचा नवरा, गवंडी रहीम, तुरुंगात गेला. मेलेल्यांत त्याचाच बिगारी भैरू होता.

"यांना आतल्या बाजूचं काम सांगितलं होतं. बाहेरची बाजू यांनी पाहिलीच नाही," शहजादी म्हणाली. "इंजिनिअर श्रीधर साहेबांनी पाहिली होती, मार्चमध्येच. तिकडून भिंत फुगली होती. सोसायटीच्या अध्यक्षांना त्यांनी तोंडी बजावलं, तारखेसकट फोटोही काढले. ते मला देणार होते. पण आदल्याच दिवशी जिन्यात हृदयविकाराचा झटका आला आणि लॅपटॉपसकट कोसळून गेले. लॅपटॉपचा चुरा झाला. बॅकअपची डिस्क होती, तीही बंद पडली म्हणे."

"रहीमभाई काय म्हणतात?"

इथे मात्र तिनं खुर्चीची पाठ धरली. "विचारतात, भैरूला मीच मारलं का? जेवण सोडलंय त्यांनी."

मच्छिंद्ररावांनी उगाचच चष्मा पुसला.

डिस्क विकली होती बुधवार पेठेतल्या फैझलनं. मच्छिंद्ररावांनी दुकानात शिरताच एक जाडजूड डिस्क हातात तोलली. "हीच टिकणार. वजन बघा!"

"काका, वजन म्हणजे आत मोटर आणि तबकडी," फैझल हसला. "हातातून पडली की खेळ खलास. श्रीधर साहेबांचे हात थरथरायचे, एक तशीच फोडून झाली होती त्यांची. म्हणून गेल्या दसऱ्याच्या चार दिवस आधी मी त्यांना एसएसडी दिली. आत फिरणारं काही नाही. कानाला लावली तरी आवाज नाही. शिवाय म्हटलं, साहेब, एकीवर विसंबू नका, दोन घ्या. ऐकतंय कोण!"

कोथरूडच्या फ्लॅटमधली पुढची खोली श्रीधररावांचं ऑफिस होती. त्यांच्या पत्नी हेमाताईंनी पाणी पुढे केलं.

"डिस्क आणली ती खोक्यातून काढलीही नव्हती, तोच आमचे मोठे भाऊजी गेले, नवरात्रातल्या सातव्या माळेला. त्या वर्षी ना तोरण, ना दिवाळीचा फराळ. आता हेही गेले. डिस्क कपाटात होती. त्यातले फोटो काढून दे म्हणून मीच केयूरच्या हातात दिली. काळी, चपटी. मला मेल्या सगळ्या सारख्याच दिसतात."

केयूर श्रीधररावांचा सहायक. चोवीस-पंचविशीचा, बोलायला गोड.

"कधीपासून आहात इथे?" भाग्यश्रीबाईंनी विचारलं.

"दिवाळीनंतर जॉइन झालो. राहायला बिबवेवाडीला, मामांकडे." त्यानं डिस्क टेबलावर ठेवली. "जोडली की टकटक करते आणि बंद पडते. तबकडी वाचणारं हेड गेलंय, मॅडम. सरांचीच आहे, हे बघा ना, दसऱ्याला पुजलेली. प्रिंटरसुद्धा सोडत नसत सर."

डिस्कच्या फटीत लाल कुंकू होतं. प्रिंटरवरही एक फिकट बोट उमटलेलं होतं.

जिना उतरताना मच्छिंद्रराव विजयी मुद्रेनं म्हणाले, "फैझलनं फसवलं, बाई. एसएसडी सांगून जुनी डिस्क गळ्यात मारली."

"पोलिसात किती वर्षं काढलीत आपण?"

"बत्तीस."

"वा. आणि पेन्शन मिळते?"

मच्छिंद्रराव कोपऱ्यापर्यंत दोन पावलं मागूनच चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीधररावांच्या ऑफिसात सगळे जमले. शहजादी दाराशी उभी होती. डिस्क टेबलावर होती.

"ही टकटक करते," भाग्यश्रीबाईंनी सुरुवात केली. "फैझलभाईंनी विकलेली करूच शकत नाही. म्हणजे एक तर ते खोटं बोलतात, नाहीतर डिस्क बदलली गेली. आवाज तूर्त बाजूला ठेवू. कुंकू बघू. हेमाताई, गेल्या दसऱ्याला पूजा कुणी केली?"

"कोण करणार? सुतक होतं. देवसुद्धा शेजारच्यांनी पुजले."

"दिवाळीत लक्ष्मीपूजन?"

"वर्षभर सण नाही केला आम्ही."

"आणि यंदाचा दसरा अजून यायचाय. मग या डिस्कला कुंकू लागलं कधी?"

मच्छिंद्ररावांच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला, आणि कालच्या विजयी मुद्रेची त्यांना लाज वाटली.

"ते मुद्दाम लावलंय, ही डिस्क याच घरातली वाटावी म्हणून. फैझलभाईंनी नव्हे. डिस्क त्यांच्याकडे परत गेलीच नाही, आणि त्यांच्या दुकानात डिस्कला कुंकू लावत नाहीत. हेमाताईंनीही नव्हे. ज्यांनी सुतक पाळलं, त्यांच्याकडून ही चूक होणार नाही. चूक अशा माणसाची, ज्यानं प्रिंटरवरचं जुनं कुंकू पाहिलं, पण तो दसरा या घरात पाहिला नाही. दिवाळीनंतर आलेल्याची. केयूर, तुमचे मामा बिबवेवाडीत काय करतात?"

"सोसायटीचे अध्यक्ष आहेत," केयूर पुटपुटला. "लहानाचं मोठं त्यांनीच केलं मला. म्हणाले, एवढंच कर."

"खरी डिस्क कुठे आहे?"

"हातोड्यानं ठेचली. तुकडे मुठेत टाकले."

हेमाताई मटकन खाली बसल्या. नवऱ्याचं उरलंसुरलं सगळं काम त्या डिस्कमध्ये होतं. मच्छिंद्ररावांचा हात शिवशिवला. बत्तीस वर्षांत आला नव्हता इतका राग त्यांना त्या पोराचा आला.

"फोटो पाहिलेस?" शहजादी दारातूनच बोलली.

त्यानं मान हलवली.

"तोंडानं सांग."

"पाहिले. बाहेरून भिंत हाताएवढी फुगली होती. मार्चमध्येच. एका फोटोत मामा तिच्याशेजारी उभे आहेत." त्याला रडू कोसळलं. "रहीमभाईंचा काही दोष नव्हता. मी सांगेन कोर्टात. लिहून देतो."

भाग्यश्रीबाईंनी कागद पुढे सरकवला. मच्छिंद्ररावांनी पोलीस ठाण्याला फोन लावला.

शहजादी टेबलापाशी आली आणि तिनं तो कागद केयूरच्या हाताखालून ओढून घेतला.

"आधी त्यांना चिठ्ठी लिही. उद्या भेटीचा दिवस आहे. भैरू तुमच्या हातानं नाही मेला, असं लिही आणि खाली तुझं नाव घाल. कोर्टाचं मग बघू. आधी त्यांच्या घशाखाली घास उतरू दे."